‘लाल कोपरा’ : एका लघुपटाच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रविवार. डिचोली, गोवा

पडवीत पाच माणसं, मध्ये चहाचा थर्मास, बाहेर मृगाचा पाऊस. लघुपट करायचा हे आज नक्की झालं. जत्रेच्या नाटकांसाठी मी वीस वर्षं लिहीत आलो, पडद्यासाठी हे पहिलंच.

गोष्ट थोडक्यात लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भरकटलो तर परत इथे येता येईल. खाणीजवळचं गाव. थोरल्या भावानं कर्ज काढून खनिज वाहायला ट्रक घेतला. वडील नाहीत. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा धाकटी बहीण सात वर्षांची होती. ट्रक अंगणात उभा राहिला आणि बँकेचा माणूस दारात. थोरला कॉलेजात असताना थोडं बॉक्सिंग शिकला होता. रिकामे हात स्वस्थ बसू देईनात म्हणून त्यानं ट्रकवरच्या ताडपत्रीची बॅग शिवली, आत चिंध्या आणि लाकडाचा भुसा भरला आणि ती फणसाला टांगली. त्या बॅगेवर धाकटीनं पहिला ठोसा मारला. आज ती एकोणीस वर्षांची आहे, ५० किलो वजनी गटात खेळते, आणि तालुक्याबाहेर तिला कोणी ओळखत नाही.

बॉक्सिंगच्या गोष्टीत खाण कशाला, असं आमच्यातल्या एकानं विचारलं. मला ती हवीच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी उठवली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि ट्रक पुन्हा रस्त्यावर आले. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्याला सगळं पुन्हा थांबलं. आमच्या वाड्यावर मधल्या काळात ट्रकला नवे टायर घालणारी माणसं आहेत. ते टायर पुढे उभ्या-उभ्या विरले. अशा घरातला थोरला बहिणीला ठोसा शिकवतो तेव्हा त्याला नेमकं काय वाचवायचं असतं, हे मला शोधायचं आहे.

थोरल्याचं काम माझा दादा करणार. यावर चर्चाच झाली नाही. आमच्या मंडळात तीस वर्षं नायक तोच, आणि मला रंगमंचावर हात धरून नेलं ते त्यानंच.

१६ जून, रविवार

रात्री सगळ्यांनी मिळून ‘द फायटर’ पाहिला. २०१० चा, डेव्हिड ओ. रसेलचा. पूर्वी पाहिला होता तेव्हा मिकी वॉर्ड जिंकतो की नाही एवढंच पाहिलं होतं. या वेळी वही घेऊन बसलो आणि नजर त्याच्या घरावर खिळली.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं लोवेल हे कापडगिरण्यांचं शहर. मेरिमॅक नदीच्या पाण्यावर एकोणिसाव्या शतकात गिरण्या चालल्या, विसाव्यात बंद पडत गेल्या. मिकी रस्त्याला डांबर घालायचं काम करतो. आई अ‍ॅलिस त्याची मॅनेजर, भाऊ डिकी एकलंड त्याचा ट्रेनर. दोघांचे बाप वेगळे, आई एक. शिवाय सात बहिणी. डिकी १९७८ मध्ये शुगर रे लिओनार्डशी लढला आणि गुणांवर हरला, पण ती लढत तो विसरायला तयार नाही. पुढे क्रॅक कोकेनचं व्यसन आणि तुरुंग. डिकी वेळेवर येत नाही, सरावाला त्याला शोधून आणावं लागतं, आणि तरीही रिंगणात काय करायचं हे मिकीला त्याच्याइतकं कोणी सांगू शकत नाही. मिकीचा पेच इथे आहे. भाऊ निव्वळ निकामी असता तर गोष्टच उरली नसती.

मिकी ओ’कीफ या लोवेलच्या पोलीस सार्जंटनं खऱ्या आयुष्यात मिकीला तयार केलं, आणि चित्रपटातही स्वतःची भूमिका त्यानंच केली. त्याचा चेहरा पाहताना अभिनय आठवत नाही. आमच्या नायिकेसाठी नटी शोधायची नाही, खरी बॉक्सरच घ्यायची, हे मी तिथेच ठरवलं. ख्रिश्चन बेल आणि मेलिसा लिओ यांना भाऊ आणि आई या भूमिकांसाठी ऑस्कर मिळाले. खेळाडूच्या गोष्टीत बक्षिसं घरच्यांच्या वाट्याला आली, हे मला फार बोलकं वाटतं.

लढतींची दृश्यं त्यांनी त्या काळच्या टीव्ही प्रक्षेपणासारख्या कॅमेऱ्यांनी टिपली. त्यामुळे शेजाऱ्याच्या घरात टीव्हीवर सामना पाहतोय असं वाटतं. हे आपल्याला परवडणारं आहे.

एक गोष्ट मात्र घ्यायची नाही. तिथे डिकी सुधारून परत येतो आणि शेवटच्या लढतीत भावाच्या कॉर्नरमध्ये, म्हणजे दोन राऊंडच्या मध्ये खेळाडू येऊन बसतो त्या कोपऱ्यात, उभा राहतो. लोवेलमध्ये ते खरंच घडलं, म्हणून ते तिथे शोभतं. माझ्या कच्च्या मसुद्यातही शेवट तसाच आहे. तो मी त्यांच्याकडून उचलला की मला खरोखर सुचला, हे ठरवल्याशिवाय पुढे जाणार नाही.

३० जून, रविवार

भाषा. आमच्या घरात बोलणं कोकणीतलं आणि वाचणं-लिहिणं मराठीतलं. देवळाच्या मांडवात उभं राहिलं की तोंडातून आपोआप मराठी येते, आणि ती ओढूनताणून आणलेली नसते. आजोबांच्या वेळेपासूनची नाटकं तिच्यात आहेत. चित्रपट मराठीतच होईल.

आज वाचनाला दादानं थोरल्याचे संवाद वाचले. एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘बाय, हात वर ठेव.’ दादा वाचता वाचता थांबला.

“असं कोण ओरडेल रे? घाईत?”

“मग?”

“हात वयर!”

पडवीत सगळ्यांच्या माना वर झाल्या. ते तसंच ठेवलं. सगळं मराठीत, ही दोन अक्षरं घरची. धाकटीला तो आठव्या वर्षापासून हेच ओरडत आलेला आहे, कारण थकली की तिचा उजवा हात हनुवटीपासून खाली येतो.

१४ जुलै, रविवार

बॉक्सिंग शिकवायला एक निवृत्त क्रीडाशिक्षक मिळाले. तरुणपणी सैन्यदलाकडून खेळलेले. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही. त्यांच्याकडे सराव करणारी एक मुलगी आमची धाकटी होणार आहे. राज्य पातळीवर खेळलेली आहे, कॅमेऱ्यासमोर कधी उभी राहिलेली नाही. प्रतिस्पर्धी म्हणून तिचीच सरावातली जोडीदार.

मास्तरांनी पहिला पाऊण तास नुसती पट्टी बांधायला शिकवली. अंगठ्यात फास, मनगटाला वेढे, मग बोटांच्या सांध्यांवरून, बोटांमधून, पुन्हा मनगट. मी लिहीत होतो तर म्हणाले, वही ठेवा आणि हात द्या. पट्टी बांधून मूठ वळली तेव्हा माझाच हात मला अनोळखी वाटला. चित्रपटाची सुरुवात या पट्टीनं करायची, तीही पूर्ण, कापाकापी न करता. थोरला बांधतो, धाकटी हात पुढे करून दुसरीकडेच बघते. इतक्या वर्षांची सवय एवढ्यात कळेल.

नियम लिहून घेतले. तीन राऊंड, प्रत्येकी तीन मिनिटांचे, मध्ये एक-एक मिनिट विश्रांती. पाच पंच, राऊंड जिंकणाऱ्याला दहा गुण. दोऱ्यांच्या आत सहा मीटर दहा सेंटिमीटरचा चौक. चार कोपऱ्यांपैकी एक लाल, एक निळा आणि उरलेले दोन पांढरे, ते कोणाचेच नाहीत. बायकांच्या लढतीत हेडगार्ड असतं, तेव्हा चेहरा अर्धा झाकला जाणार. डोळ्यांवर काम करावं लागेल.

मग मी शेवटचा प्रसंग वाचून दाखवला. दुसऱ्या राऊंडनंतर गर्दीतून थोरला धावत येतो, दोरीखालून वाकून आत शिरतो, कॉर्नरमध्ये जाऊन बहिणीशी बोलतो. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पंच लढत थांबवतील. पोरीचं नुकसान होईल.”

कॉर्नरमध्ये कोण उभं राहणार हे आधी ठरलेलं असतं. संघाच्या प्रशिक्षकाला तो हक्क असतो, प्रवेशपत्र त्याच्या गळ्यात असतं. भाऊ, बाप, नवरा, सगळे कठड्याबाहेर. लवलिना बोर्गोहाईनला, टोकियो ऑलिंपिकचं कांस्य गळ्यात असताना, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेआधी आपल्या प्रशिक्षक संध्या गुरुंग यांना प्रवेशपत्र मिळावं म्हणून जाहीरपणे बोलावं लागलं होतं. मग ते मिळालं. मास्तरांनी ही आठवण काढली आणि म्हणाले, “त्या एका मिनिटात समोर कोण बसलंय, यावर पुढची तीन मिनिटं ठरतात. म्हणून भांडतात माणसं.”

घरी येताना मोटारसायकल मयेच्या तळ्याजवळ थांबवली आणि बराच वेळ पावसात उभा राहिलो. माझा शेवट मोडला होता, पण जे मोडलं ते मोडायलाच हवं होतं.

२८ जुलै, रविवार

नवी संहिता. मुख्य बदल असा :

सराव केंद्राचे प्रशिक्षक धाकटीला वसतिगृहात बोलावतात. अट एकच, शिकवणारा एकच असेल. ते दुष्ट नाहीत. थोरल्यानं शिकवलेला गार्ड, म्हणजे चेहऱ्यापुढे हात धरायची ढब, चुकीचा आहे हे त्यांना दिसतं आणि ते खरं आहे. आई थोरल्याच्या बाजूची. ती ओरडत नाही. जेवायला वाढताना ती फक्त ताटं मोजते. धाकटी जाते. ज्यानं तिला उभं केलं त्याला अंगणात ठेवून जाते.

आता थोरला स्पर्धेला येईल तो प्रेक्षकांत. जाण्याआधी धाकटी त्याच्याकडून एक वचन घेते. ओरडायचं नाही. तिच्या कानांना त्याच्या आवाजाची इतकी सवय आहे की तो आला की कॉर्नरमधला आवाज तिला ऐकूच येणार नाही.

एकनिष्ठ राहणं म्हणजे सोबत राहणं, असं आमच्या नाटकांत मी कितीदा लिहिलं. या घरात ते पुरत नाही.

४ ऑगस्ट, रविवार

पॅरिसमध्ये लवलिना आज उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या ली चियानकडून हरली. बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरी गाठली की कांस्य नक्की, म्हणजे पदक एका लढतीवर होतं. निखत झरीन गुरुवारीच बाहेर पडली, दोन वेळची विश्वविजेती. आमच्या मुलीनं दोन्ही लढती मास्तरांच्या घरी पाहिल्या आणि लगेच उठून दोरीवरच्या उड्या मारायला लागली. कोणाशी बोलली नाही.

आमच्या धाकटीला कुठलं पदक द्यायचं, यावर मंडळात मतं होती. आज ठरलं. ती राज्य स्पर्धेतली पहिल्या फेरीची लढत जिंकेल. तेवढंच.

११ ऑगस्ट, रविवार

कॅमेरा चाचणी. भाड्याचा एक कॅमेरा, मित्राचा एक.

मुलगी छान. तिला सांगावं लागतं ते एवढंच की कॅमेऱ्याकडे बघू नकोस.

दादा जमत नाही. हे लिहायला हात जड झाला, पण नोंद खोटी लिहिणार नाही. दादाचा आवाज मांडवाच्या शेवटच्या रांगेत, शेंगदाणे खात बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत पोचणारा. भुवई उचलली तरी शंभर माणसांना कळते. कॅमेरा त्याच्यापासून चार फुटांवर होता. ‘तू जा’ हे दोन शब्द त्यानं म्हटले आणि छोट्या पडद्यावर ते राजदरबारातल्या आज्ञेसारखे आले. सात वेळा घेतलं. प्रत्येक वेळी मी “थोडं कमी” म्हणालो, त्यानं आवाज कमी केला आणि डोळे मोठे केले.

शेवटी तो म्हणाला, “तुला काय हवंय ते तुला तरी ठाऊक आहे का बाबा?” रागानं नव्हे, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

संध्याकाळी कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलानं मला बाजूला घेऊन दुसऱ्या एका नटाचं नाव सुचवलं. फोंड्याचा, लघुपटांत काम केलेला. त्याची चित्रफीत पाहिली. चांगला आहे. आमच्या थोरल्यासाठी अगदी योग्य आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

निर्णय नाही. दादाकडे गेलो, बोललो नाही, वहिनीनं दिलेली पेज खाऊन आलो.

४ सप्टेंबर, बुधवार

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तीन दिवसांवर. गणपतीवरच्या माटोळीच्या चौकटीला फळं बांधायची आहेत, काम बंद. सगळे आपापल्या घरी. आरतीला वाजवायचं मातीचं घुमट बाहेर काढलं.

९ सप्टेंबर, सोमवार

आरतीच्या वेळी दादाकडे पाहत होतो. घुमटाच्या साथीचं शमेळ हे तालवाद्य धाकट्या पुतण्याच्या हातात होतं, पहिल्यांदाच. दादा घुमट वाजवत होता आणि पोराचा ठोका चुकत होता. दादानं एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही, ओठ हलवला नाही. पण घुमटावरचा त्याचा हात प्रत्येक चुकीला किंचित आखडत होता, जणू पोराचा ठोका स्वतःच्या हातानं दुरुस्त करत होता. आरती संपली तरी मी तिथेच उभा.

रात्री थोरल्याचे संवाद घेऊन बसलो. एकोणचाळीस वाक्यं होती. अकरा ठेवली.

१५ सप्टेंबर, रविवार

दादाला नवी संहिता दिली. त्यानं पानं चाळली, परत चाळली.

“माझी वाक्यं कुठे गेली?”

मी सांगितलं. चाचणीत काय झालं तेही सांगितलं, फोंड्याच्या नटाबद्दलही. लपवलं नाही. दादानं चष्मा काढून पुसला.

“त्याला घ्यायचं असेल तर घे. माझ्यासाठी चित्रपट बिघडवू नकोस. मंडळ माझ्या नावावर चालतं म्हणून हा चित्रपटही चालला पाहिजे असं काही नाही.”

मी म्हटलं, तुलाच घ्यायचंय. पण आवाज घरी ठेवून ये.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, “ओरडायचं नाही असं वचन दिलंय ना त्यानं? मग ओरडायचं त्याला असतंच ना? की नसतंच?”

तीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. असतं, म्हटलं. संपूर्ण लढतभर असतं.

“मग येतो,” म्हणाला.

२२ सप्टेंबर, रविवार

रिंग. पूर्ण रिंग भाड्यानं आणणं आमच्या खिशाबाहेर. एका शाळेनं सभागृह दिलं आहे. तिथे दोनच बाजू उभारायच्या, आणि एकच कोपरा, लाल. लोखंडी खांब ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्यानं दिला. चार दोऱ्या एका बार्जवरच्या, त्यांना कापड गुंडाळलं. जमिनीवर जुन्या गाद्या, त्यावर प्लायवूड, त्यावर ताणून बसवलेलं जाड कापड. पावलांचा आवाज पोकळ यायला हवा, म्हणून प्लायवूडखाली मध्ये मध्ये जागा सोडली.

निळा कोपरा नाहीच, तेव्हा तो दिसणार नाही. आधी याची खंत होती. आता वाटतं, लढत थोरल्याच्या जागेवरून दाखवायची तर त्याची नजर दुसऱ्या कोपऱ्याकडे जाईलच कशी?

ठोशांचं तंत्र मास्तर आणि कॅमेऱ्याच्या मुलानं मिळून बसवलं. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागून किंवा मार खाणाऱ्याच्या मागून ठेवला की ग्लव्ह आणि गाल यांमधलं वीतभर अंतर दिसत नाही. लांबून, मोठ्या लेन्सनं घेतलं तर ते अंतर आणखी मिटतं. बाजूनं मात्र घ्यायचं नाही, बाजू सगळं उघडं पाडते. आणि ठोसा खरा वाटतो तो मारणाऱ्यामुळे नव्हे, खाणाऱ्याच्या मानेमुळे.

१३ ऑक्टोबर, रविवार

चित्रीकरण, पहिला दिवस. काल दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा केली. घरातले सगळे प्रसंग आज झाले. फणसाखाली ट्रक हवा होता, तो शेजारच्या वाड्यावर मिळाला, खराच बंद पडलेला. मालकानं पैसे घेतले नाहीत. आम्ही काम करत होतो तेवढा वेळ तो बोनेटला हात लावून उभा होता. परवानगी घेऊन त्याचा हात टिपला. चेहरा नको म्हणाला.

पट्टी बांधायचा प्रसंग एका दमात, दोन मिनिटं चाळीस सेकंद. दादानं दोन महिने रोज वहिनीच्या हातावर सराव केला होता. बांधताना एकही शब्द नाही. चौथ्या वेळी नको असलेला कोंबडा आरवला, पाचवा ठेवला.

२० ऑक्टोबर, रविवार

लढत, दिवस पहिला. दुपारी तीनला गडगडाट सुरू झाला. सभागृहाचं छप्पर पत्र्याचं. पाऊस कोसळला आणि ध्वनिमुद्रण अशक्य झालं. वीजही गेली, तासाभरानं आली. मग आवाजाचा विचार सोडून फक्त चित्र घेतलं. ठोसे नंतर तयार करता येतील.

बरगडीखालचा ठोसा आज नीट जमला. मास्तरांनी समजावलं होतं : यकृत उजवीकडे असतं, म्हणून डाव्या हाताचा हुक तिथे बसतो. मिकी वॉर्डचं हेच शस्त्र. १९९७ मध्ये अल्फोन्सो सँचेझला त्यानं सातव्या राऊंडमध्ये शरीरावरच्या ठोशानं पाडलं, तोवर गुणांवर तो मागेच होता. या ठोशाची गंमत अशी की माणूस लगेच पडत नाही. क्षणभर उभा असतो, काही झालंच नाही असा. मग पाय सोडून देतात. आमची मुलगी पहिल्या चार वेळा ठोशाबरोबरच कोसळली, नाटकात पडतात तशी. मास्तर म्हणाले, मनात ‘एक’ म्हण आणि मग पड. पाचव्या वेळी तिनं तो क्षण धरला. समोरच्या मुलीनं घाबरून ग्लव्ह खाली घेतले, तिला वाटलं खरंच लागलं. ते तसंच ठेवलं आहे. पंच आठपर्यंत मोजतात, धाकटी सहाला उठते, उजवा हात हनुवटीखाली लोंबतोय.

२७ ऑक्टोबर, रविवार

लढत, दिवस दुसरा. प्रेक्षक म्हणून गावातली साठ माणसं. वसुबारस उद्यावर आलेली असताना एवढी आली याचं मला फार मोल आहे. पाऊस नाही.

दादा चौथ्या रांगेत, टोकाला. पोरं दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या कामातून कागदाच्या लगद्यानं माखलेले हात घेऊन आली होती, ती त्याच्या मागे बसली. कॅमेरा दादावर, मोठी लेन्स, वीस फुटांवरून. समोर रिंगणात मुली खरोखर तिसरा राऊंड खेळत होत्या. हलका, पण खरा, तीन मिनिटांचा. दादाला मी काहीच सांगितलं नव्हतं, फक्त उजवा हात कधी पडेल ते मुलीला ठाऊक होतं.

पहिलं मिनिट काही नाही. गर्दी ओरडतेय, दादा बसलाय. मग रिंगणात हात पडला. दादाचं तोंड उघडलं. मी श्वास धरला, वाटलं आता पत्रा उडेल. तोंड तसंच उघडं राहिलं आणि आवाज आला नाही. मानेची शीर तटतटली. मग त्याचे दोन्ही हात मांडीवरून उठले आणि हळूहळू स्वतःच्या गालांपाशी आले. मुठी वळलेल्या. चौथ्या रांगेत बसून तो स्वतःचा चेहरा झाकत होता.

आणि तिकडे धाकटीनं हात वर घेतला. तिला तो दिसत नव्हता, ती पाठमोरी होती. मास्तर लाल कोपऱ्यात प्रशिक्षकाच्या वेशात उभे, तेही विसरून दादाकडे बघत राहिले.

मी ‘कट’ म्हणायला विसरलो. तीन मिनिटं पूर्ण झाली, घंटा वाजली तेव्हा कॅमेऱ्याच्या मुलानंच थांबवलं. दुसऱ्यांदा घ्यायचं का, असं त्यानं विचारलं. नाही.

दादाचे हात खाली यायला वेळ लागला. मागच्या पोरानं पाणी दिलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

त्रिपुरारी पौर्णिमा. संध्याकाळी विठ्ठलापूरला वाळवंटीच्या काठी नौका पाहून आलो, सगळं मंडळ होतं. सकाळभर संकलन. पहिली जुळणी ४१ मिनिटांची झाली, ती २८ वर आणायची आहे. वसतिगृहातले तीन प्रसंग गेले. प्रशिक्षकाचा एक लांब संवाद गेला, चांगला होता, पण आईनं ताटं मोजल्यावर तो ऐकवत नव्हता. आईच्या ताटांना हात लावला नाही. तीन होती, दोन झाली, आणि सवयीनं तिसरं पुन्हा मांडलं, ते आमच्या नटीचं स्वतःचं. संहितेत नव्हतं.

८ डिसेंबर, रविवार

ध्वनी. ठोशांसाठी ओलं गोणपाट, नारळाचं सोडण आणि चामड्याची जुनी चप्पल. सोडणावर बुक्की मारली की बरगडीचा आवाज येतो, हे मुलीनं शोधलं. गाल म्हणजे गोणपाट. पावलं तिनं स्वतः प्लायवूडवर नाचून दिली, मास्तर ताल मोजत होते.

दादाच्या प्रसंगाखाली गर्दीचा आवाज चढता ठेवला होता. दादा आज पहिल्यांदा जुळणी बघायला आला. खुर्चीत पुढे सरकून बसला. तोंड उघडतं तो क्षण आला तेव्हा म्हणाला, “इथे गर्दी काढ.”

“काय ठेवू?”

“त्या वेळी मला पोरीची पावलं ऐकू येत होती. बाकी काही नाही.”

गर्दी काढली. पावलं ठेवली. सात सेकंद. मग हात वर जातात तिथून गर्दी परत आणली, हळू.

पुन्हा लावलं. दादानं डोळे मिटून ऐकलं आणि डाव्या हातानं टेबलावर तिच्या पावलांचा ठेका धरला. पावलांचा आवाज अजून अर्धा सेकंद उशिरा बसतोय. उद्या तेवढं पुढे सरकवायचं.